सातव्या खाटेची सुई

आमच्याकडे इंजेक्शनला सुई म्हणतात. जन्मभर मी सुया दिल्या, आणि त्यांतल्या एका सुईनं माणूस मेला. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं वाचायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. पण मी लिहायला बसले ती त्या माणसासाठी नाही. तो बिचारा काही मिनिटांत सुटला. त्याच्या बायकोच्या डोक्यावर मी जे ठेवलं, त्यासाठी बसले. ते खाली उतरवता आलं की नाही, एवढंच सांगायचं आहे.

सत्तरचं दशक अर्धं सरलं होतं. मी तुमसर तालुक्यातल्या धानाच्या गावातली, मॅट्रिक झालेली पोर. बाप म्हणत होता मास्तरीण हो. मी हट्टानं नर्सिंगला गेले, तेव्हा गल्लीतल्या बायका आईला म्हणाल्या, ‘‘परक्या माणसाचं मूत काढाले चालली तुही पोरगी.’’ आई चार दिवस जेवली नाही. दवाखाना जिल्ह्यातलाच, एका संस्थेचा. नाव सांगत नाही. आता तो तसा उरलेलाही नाही, आणि चूक त्याची नव्हती, माझी होती. बरं, थोडी त्याचीही होती, तेही ओघात येईल.

आम्हाला शिकवणाऱ्या सिस्टर नागपूरच्या होत्या. पन्नाशीच्या, काटक, आवाज असा की व्हरांड्यातले नातेवाईक उठून उभे राहायचे. पहिल्याच आठवड्यात त्यांनी हाताची पाच बोटं दाखवून पाच गोष्टी पाठ करून घेतल्या. योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग, योग्य वेळ. अंगठा म्हणजे रुग्ण. ‘‘अंगठा नसला तर चार बोटांनी पळीसुद्धा धरता येत नाही,’’ त्या म्हणायच्या. बाटली कपाटातून काढताना एकदा वाचायची, औषध ओढून घेताना एकदा आणि परत ठेवताना एकदा. कागद खाटेशी न्यायचा. रुग्णाचं नाव रुग्णाला विचारायचं, आपण सांगायचं नाही. आपण सांगितलं की लोक मान डोलावतात. आणि रुग्ण म्हणाला की हे औषध कालचं नाही, तर हात तिथंच थांबवायचा, मग डॉक्टर ओरडला तरी चालेल.

हे सगळं मला तोंडपाठ होतं. तोंडी परीक्षेत मी सर्वांत पुढं होते आणि त्याचा मला माज होता. खोटं कशाला बोलू? वॉर्डात शिरले की मला वाटायचं, या शहरातल्या पोरी चार वेळा वाचतात, मला एकदा वाचलं तरी पुरतं.

वॉर्डात काम मात्र पुस्तकासारखं चालत नव्हतं. सकाळी डॉक्टरांचा राउंड असायचा, म्हणून खाटांच्या पायथ्याचे सगळे केसपेपर उचलून टेबलावर गठ्ठा करून ठेवत. सुया देण्याची वेळही तीच. मग आम्ही विद्यार्थिनी काय करायचो, तर आदल्या संध्याकाळीच एका चिठ्ठीवर उतरवून घ्यायचो. खाट नंबर, नाव, सुई. दुसऱ्या दिवशी त्या चिठ्ठीवर वॉर्ड फिरायचा. सगळ्या असंच करत. आमच्या आधीच्या तुकडीनं केलं, तिच्या आधीच्या तुकडीनं केलं. सिस्टरांना ते माहीत नव्हतं असं मी म्हणणार नाही. माहीत असून त्यांनी कधी चिठ्ठी हातातून ओढून घेतली नाही, एवढं म्हणते.

आता आमच्या भागातली एक रीत सांगायला हवी, कारण सगळं तिथंच अडकलं. बाई नवऱ्याचं नाव घेत नाही. नाव घेतलं तर त्याचं आयुष्य कमी होतं म्हणतात. माझी आई वडिलांना ‘पोरीचा बाप’ म्हणायची. तलाठ्यानं नाव विचारलं की ती मला पुढं ढकलायची आणि मी नाव, बापाचं नाव, आडनाव घडाघडा सांगायची. म्हणजे बाईला नवऱ्याचं नाव विचारायचंच नसतं, हे मला कळत होतं. जवळच्या पोराला विचारायचं, नाही तर शेजारच्या खाटेवरच्या माणसाला. हे मला कोणी शिकवायला नको होतं. हॉस्टेलातल्या नागपूरच्या पोरींना मीच हसत हसत शिकवलं होतं.

तर त्या आठवड्यात पुरुषांच्या वॉर्डात सात नंबरच्या खाटेवर शहापूरकडचा एक तरणा माणूस होता, न्यूमोनियाचा. त्याला रोज सकाळी पेनिसिलिनची सुई. पहिल्या दिवशी त्याच्या हातावर थेंबभर टोचून तपासलेलं होतं, काही झालं नव्हतं, म्हणून पुढं रोज सरळ कंबरेत. अकरा नंबरवर सिहोऱ्याच्या बाजूचा एक शेतकरी होता, पंचेचाळिशीचा, दम्याचा. त्याच्या केसपेपरवर डॉक्टरांनी लाल पेन्सिलीनं आडवं लिहून ठेवलं होतं, पेनिसिलिन देऊ नये. गावाकडं एका डॉक्टरनं पूर्वी त्याला ती सुई दिली तेव्हा त्याचं अंग सुजलं होतं आणि श्वास अडकला होता. त्याच्या बायकोनंच भरती करताना ते सांगितलं होतं. लाल पेन्सिल कशासाठी असते, हे आम्हाला पहिल्या महिन्यात शिकवलं होतं.

त्या दिवशी सकाळी दम्याच्या माणसाला फार धाप लागली. सात नंबरची खाट खिडकीशी होती. तरणा माणूस बरा होत आला होता, त्याला काय, कुठंही झोपेल. वॉर्डातल्या आयानं दोघांची अदलाबदल केली. चांगल्या मनानं केली. केसपेपर टेबलावर गठ्ठ्यात. माझी चिठ्ठी माझ्या खिशात, आदल्या संध्याकाळची.

मी ट्रे घेऊन आले. काचेच्या सिरिंजा उकळलेल्या, सुया कापसाखाली. सातव्या खाटेवर तो उशीला टेकून बसला होता, डोळे मिटलेले, छाती वरखाली होत होती. धापेमुळं त्याला बोलवत नव्हतं. मी चेहरा नीट पाहिलाच नाही. पाहिला असता तरी आदल्या दिवशी मी दुसऱ्या बाजूच्या खाटांवर होते, चिठ्ठी उतरवताना नुसते कागद पाहिले होते, मला त्या दोघांचे चेहरे माहीत नव्हते. खाटेखाली त्याची बायको बसलेली. चाळिशीची, काळीसावळी, नऊवारीचा पदर कपाळापर्यंत.

‘‘मावशी, यांचं नाव काय?’’ मी विचारलं.

तिनं पदर आणखी पुढं ओढला. मला हसू आलं. माझ्यामागं माझी एक मैत्रीण उभी होती, तिला दाखवायला मी म्हटलं, ‘‘पाह्य, लाजून राहिली.’’ मग चिठ्ठीवरचं नाव मीच वाचलं. ‘‘हेच ना?’’

तिनं मान खाली घातली.

मी कंबर पुसायला घेतली. तेव्हा ती हळू आवाजात म्हणाली, ‘‘हे सुई कायची आहे, बाई? काल तं नव्हती.’’

‘‘डॉक्टरनं लिहून देल्ली आहे. बरं वाटन त्यायले,’’ मी म्हटलं, आणि सुई दिली.

सगळं सगळं शिकवलेलं होतं मला. एकही गोष्ट अशी नव्हती की जी मला ठाऊक नव्हती.

मी आठव्या खाटेवर पोचले नसेन. मागून खाट वाजली. तो गळा खाजवत होता, मग दोन्ही हातांनी गळा धरून बसला. ओठ निळे पडत चालले. बायको उठून उभी राहिली होती आणि त्याची पाठ चोळत होती. मी ट्रे तिथंच जमिनीवर ठेवला आणि पळत सुटले. डॉक्टर राउंडवरच होते, ते धावत आले. ॲड्रिनलिन मागितलं. ते कपाटात, कपाटाला कुलूप, किल्ली सिस्टरांच्या कंबरेला, आणि सिस्टर बायकांच्या वॉर्डात. किल्ली येईपर्यंत किती वेळ गेला ते मला सांगता येत नाही. मी घड्याळाकडं पाहायला हवं होतं, तेही शिकवलं होतं. ॲड्रिनलिन दिलं तेव्हा नाडी लागत नव्हती. डॉक्टरांनी छाती दाबली, घामानं भिजले, मग थांबले.

त्यांनी ट्रेमधली बाटली उचलून पाहिली. मग टेबलावरच्या गठ्ठ्यातून कागद काढला. लाल पेन्सिल मला लांबूनही दिसली. ते माझ्याकडं वळले. ‘‘नाव विचारलं होतंस?’’

सगळा वॉर्ड ऐकत होता. सिस्टर दारात उभ्या होत्या. मी म्हटलं, ‘‘विचारलं सर. त्यांच्या बायकोनं हो म्हटलं.’’

हे माझं वाक्य. त्या माणसाला मारणारी सुई चुकून दिली होती. हे वाक्य चुकून नाही दिलं. मी एकोणीस वर्षांची होते, भ्याले होते, हे सगळं खरं. पण वाक्य तोंडातून निघताना मला पक्कं माहीत होतं की तिनं हो म्हटलेलं नाही. ती नवऱ्याच्या पायाशी उभी होती. तिनं माझ्याकडं पाहिलं. तोंड उघडलं आणि मिटलं. मग ती खाली बसली आणि त्याचे पाय दाबायला लागली, जणू ते दुखत होते.

दुपारी तिचा पोरगा गावाहून आला. विशीतला, नुकतं लग्न झालेला. संस्थेचे एक साहेब होते, त्यांनी दोघांना ऑफिसात बोलावलं. मला आणि सिस्टरांनाही उभं केलं. साहेब फार सभ्य माणूस. त्यांनी पोराला पाणी दिलं आणि समजावून सांगितलं की दवाखान्यात नियम असतो, सुई देण्याआधी नाव विचारतात, तुमच्या आईला विचारलं, तिनं दुसऱ्याच रुग्णाच्या नावाला हो म्हटलं, त्यामुळं दुसऱ्याची सुई दिली गेली. लाल पेन्सिलीचं त्यांनी काही काढलं नाही. केसपेपर त्यांच्या पुढ्यातच पडलेला होता, पालथा.

पोरगा आईकडं वळला. ‘‘हो म्हटलं तुनं?’’

ती म्हणाली, ‘‘मी मान खाली घातली.’’

‘‘नाव काहून नाही सांगतलं?’’

तिनं पदर पुढं ओढला. काय बोलणार? तो पोरगा त्याच मातीतला, त्याला तरी ते माहीत नव्हतं का? पण बाप आत पडलेला होता, चादर टाकलेला, आणि त्याला कुणावर तरी ओरडायचं होतं. साहेबांवर ओरडता येत नव्हतं, आमच्या पांढऱ्या कपड्यांवर ओरडता येत नव्हतं. तो आईवर ओरडला. ‘‘तुह्या लाजेपायी माहा बाप गेला. एक नाव तोंडातून निघालं नाही तुह्या.’’

मी भिंतीला टेकून उभी होते. तिनं सुई कायची म्हणून विचारलं होतं, हे त्या खोलीत दोघींनाच माहीत होतं, तिला आणि मला. ती बोलली नाही, कारण तिची मतीच गुंग झाली होती. मी बोलले नाही, कारण मी हरामखोर होते. दुसरा शब्द मला आजही सापडलेला नाही.

सिस्टरांनी नंतर मला खोलीत नेलं आणि दार लावलं. त्या मूर्ख नव्हत्या. ‘‘ती हो म्हणाली नव्हती ना?’’ त्यांनी विचारलं. मी रडायला लागले. त्यांनी खिडकीही लावून घेतली. मग म्हणाल्या, ‘‘तीन महिने वॉर्डात यायचं नाही. बँडेज गुंडाळायची. आणि आता यावर बोलायचं नाही. बोललीस तर तू गावी परत, आणि माझी ही शाळाही बंद.’’ मला त्यांचा राग यायला हवा होता. मला सुटल्यासारखं वाटलं. तीन महिने मी बँडेज गुंडाळली, आणि चौथ्या महिन्यात परत सुया द्यायला लागले.

त्यानंतर माझ्या हातून कधी चूक झाली नाही. चारचारदा वाचायची. शेजारच्या खाटेला विचारायची, आयाला विचारायची, कागद हातात असल्याशिवाय सिरिंज उचलायची नाही. लोक कौतुक करत. पुढं मी आणखी शिकले आणि ऐंशीच्या दशकात त्याच जिल्ह्यात दुसऱ्या एका शाळेत पोरींना शिकवायला लागले.

आणि शिकवताना मी काय करायची, ते ऐका. पाच बोटं दाखवायची, अंगठ्यावर थांबायची आणि उदाहरण द्यायची. एक विद्यार्थिनी होती, तिनं रुग्णाच्या बायकोला नाव विचारलं, बायको चुकून हो म्हणाली, रुग्ण गेला. म्हणून नातेवाइकांच्या शब्दावर विसंबायचं नाही. पोरी वहीत लिहून घ्यायच्या. वर्षामागून वर्ष ती बाई माझ्या वर्गात हो म्हणत राहिली. मला त्याचं काही वाटेनासं झालं होतं. खोटं पुष्कळदा सांगितलं की ते आपल्यालाच आठवायला लागतं.

एका वर्षी मोहाडीकडची एक पोरगी होती, मागच्या बाकावर बसायची, अडखळत बोलायची. तिनं हात वर केला. ‘‘पन सिस्टर, बाई नवऱ्याच्या नावावर हो तरी कशी म्हणन? तिनं तोंडानं म्हटलं का?’’

मी तिला म्हटलं, खाली बस. एवढ्या जोरात म्हटलं की ती पोर रडकुंडीला आली. पुढचा तास मी कसा घेतला आठवत नाही. खोलीवर आले आणि आरशात पाहून स्वतःला जे जे म्हणायचं ते म्हटलं. आणि त्या रविवारी सिहोऱ्याची बस धरली.

सिहोऱ्याहून पुढं दीड कोस पायी. रोवण्याचे, म्हणजे धानाच्या लावणीचे दिवस होते, दोन्ही बाजूंना शेतांतल्या बांध्यांत पाणी भरलेलं आणि बायका ओळीनं वाकलेल्या. गावच्या तोंडाशी एक म्हातारा खाटेवर दोर वळत बसला होता. मला त्या बाईचं नाव माहीत नव्हतं. नवऱ्याचं नाव आणि गाव माहीत होतं, नंतर केसपेपर हाती आला तेव्हा लाल पेन्सिलीखाली वाचलं होतं, ते मी सांगितलं आणि म्हटलं, त्यांच्या घरच्या बाई.

‘‘ते होय?’’ म्हातारा म्हणाला. ‘‘नवऱ्याचं नाव नाही सांगतलं, ते?’’

गावात तिची ओळख ती झाली होती. अकरा वर्षं.

पोराच्या घरामागं सांदवाडीत एक लहानसं छपरी घर होतं, कुडाचं. ती दारात बसून सूप सांधत होती. केस सगळे पांढरे झालेले. मी कोण ते सांगितलं. तिनं सूप बाजूला ठेवलं आणि माझ्याकडं पाहिलं. मग बसायला पोतं टाकलं. हे आमच्या झाडीपट्टीतच होऊ शकतं. मी बसले नाही.

मी सगळं सांगितलं. चिठ्ठीचं, खाटा बदलल्याचं, लाल पेन्सिलीचं. ‘‘तुम्ही हो म्हटलं नव्हतं. मी खोटं बोलले. तुम्ही तर विचारलं होतं, हे सुई कायची आहे म्हणून. मी ऐकलं असतं तर ते वाचले असते. तुमची काहीच चूक नव्हती, मावशी.’’

ती म्हणाली, ‘‘तुनं नाव वाचलं, तवा ते आमच्या घरचं नव्हतं, हे मले समजलं होतं.’’

‘‘मग?’’ मी विचारलं.

‘‘नाई म्हटलं असतं तं तुनं मंग खरं नाव विचारलं असतं. म्हून मान खाली घातली. वाटलं, शिकलेली पोरगी आहे, कागद आहे हातात, तिले मालूम असन. मंग सुई पायली आन् जीव घाबरला, म्हून विचारलं.’’ तिनं सूप पुन्हा हातात घेतलं. ‘‘हे मी कोनालेच नाही सांगतलं. मलेच वाटे, मीच मारलं त्यायले.’’

‘‘कागदावर लिहिलेलं होतं मावशी. मोठ्या अक्षरात. माझं काम होतं ते वाचायचं. तुमचं नव्हतं.’’

‘‘लिवलं होतं?’’

‘‘लाल पेन्सिलीनं. तुम्हीच भरती करताना सांगितलं होतं, म्हणून लिहिलं होतं.’’

हे तिला ठाऊक नव्हतं. तिनं सांगितलेलं कुणी लिहून ठेवलं होतं, हेच तिला ठाऊक नव्हतं. तिनं पदर तोंडाला लावला. मग विचारलं, ‘‘मंग तवाच काहून नाही सांगतलं?’’

मी रस्ताभर याचं उत्तर जुळवत आले होते. सिस्टरांचं, साहेबांचं, वयाचं. त्यातलं काही तिच्यासमोर तोंडातून निघेना. ‘‘भेव वाटलं,’’ मी म्हटलं. ‘‘शिक्षण सुटलं असतं.’’

‘‘तुहं शिक्षण झालं,’’ ती म्हणाली. रागानं नाही, हिशेब लागल्यासारखं. ‘‘माहा पोरगा माह्यासंग बोलत नाही. सून ताट आणून देते. पोरगा त्याच्या बांधीत मले उतरू देत नाही. म्हणतो, तुहा हात नको लागाले माह्या धानाले. मी लोकायच्या बांध्या रोवाले जातो.’’

मग ती उठली. ‘‘चाल. त्याले सांग.’’

मी म्हटलं, ते शेतातून घरी येतील तेव्हा सांगते. ती ऐकायला तयार नव्हती. ती पुढं, मी मागं, धुऱ्याधुऱ्यानं, शेतांच्या बांधांवरून आम्ही गेलो. वहाणा मी हातात घेतल्या. पोराच्या शेतात रोवणा चालू होता. दहा-बारा बाया ओळीनं, आणि तो गुडघाभर पाण्यात उभा राहून पऱ्ह्यांच्या, म्हणजे रोपांच्या पेंड्या फेकत होता, प्रत्येकीपुढं एक. धिप्पाड झालेला, मिशा ठेवलेल्या. आईला धुऱ्यावर पाहून त्यानं तोंड फिरवलं.

‘‘सांग,’’ ती मला म्हणाली. ‘‘मोठ्यानं सांग. बायायलेही ऐकू जाऊ दे.’’

मी सांगितलं. वर्गात बोलते त्याच आवाजात सांगितलं, कारण दुसरा आवाज मला येत नव्हता. बाया एकेक करून सरळ उभ्या राहिल्या. मी म्हटलं, मी ती नर्स. तुमच्या आईनं हो म्हटलं नव्हतं. मी साहेबांपुढं खोटं बोलले. तुमच्या वडिलांना ती सुई चालत नाही हे कागदावर लिहिलेलं होतं, मी कागद पाहिला नाही. सुई द्यायच्या आधी तुमच्या आईनं मला विचारलं होतं, हे कायची सुई आहे, काल नव्हती. मी तिला गप्प केलं.

मान खाली घालण्यामागं तिच्या मनात काय होतं, ते मी सांगितलं नाही. ते तिचं होतं.

तो हातातली पेंडी तशीच धरून उभा राहिला. ‘‘मायनं विचारलं होतं?’’

‘‘हो.’’

‘‘सुई द्यायच्या आंधी?’’

‘‘आधी.’’

त्यानं आईकडं पाहिलं. मला वाटलं तो मला मारायला येईल, आणि खरं सांगते, मारलं असतं तर बरं झालं असतं. तो जागचा हलला नाही. मग मला म्हणाला, ‘‘तुमी जा इथून.’’

मी निघाले नाही. ती माझ्या बाजूनं खाली वाकली, लुगड्याचा काष्टा वर खोचला आणि बांधीत उतरली. त्यानं तिला अडवलं नाही. ओळीतल्या दोन बाया सरकल्या, मधे जागा झाली. ती तिथं जाऊन उभी राहिली आणि वाट पाहत राहिली. त्यानं कोणाकडं न पाहता एक पेंडी उचलली आणि तिच्यापुढं टाकली. पाणी तिच्या अंगावर उडालं. तिनं पेंडी सोडली आणि वाकून रोवायला लागली.

तिचा हात सगळ्या बायांपेक्षा भरभर चालत होता. अकरा पावसाळे तिनं दुसऱ्यांच्या बांध्या रोवल्या होत्या, माझ्या एका वाक्यामुळं.